लळा लावू द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, अमरावती व अकोला,
मा. अध्यक्ष व सदस्य, बाल कल्याण समिती, अमरावती व अकोला,
मा. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी,
आणि शिशुगृहांच्या फायलींवर ज्यांची ज्यांची सही लागते त्या सर्वांना,



शिशुगृहात नवी मावशी कामाला लागली की पहिल्याच दिवशी तिला तीन गोष्टी बजावून सांगतात. बाळाला घेण्याआधी हात धुवायचे. दुधाची वाटी-चमचा उकळून घ्यायचा. आणि लेकरांना फार लळा लावायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी बरोबर आहेत. तिसरी साफ चूक आहे, आणि तिच्यापायी लेकरांचं काय होतं ते सांगायला हे पत्र लिहिते आहे.

माझी नोकरी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून झाली, बरीचशी बाळंतिणींच्या वॉर्डात. निवृत्तीनंतर नऊ वर्षं मी वऱ्हाडातल्या एका शिशुगृहात आठवड्यातून तीन दिवस जात होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं मनानं चांगली होती आणि जे चुकत होतं ते चांगल्या हेतूनं चुकत होतं. माझ्याही हातून चुकलं. नव्या मावश्यांना हा तिसरा नियम मी स्वतः सांगितलेला आहे.

नियमामागचं कारण ऐकायला पटतं. लेकरू आज ना उद्या दत्तक जाणार. मग मावशी रडणार, लेकरूही रडणार. त्यापेक्षा आधीपासूनच हात राखून जीव लावावा. पण बाळाला हात राखून जीव लावता येत नाही, हे त्या नियमात कुठेच धरलेलं नाही. त्याच्याकडे तशी सोयच नाही.

लळा लागतो कसा, ते बाळंतिणींच्या वॉर्डात रोज डोळ्यांसमोर घडत असतं. अमरावतीचं डफरीन घ्या की अकोल्याचं लेडी हार्डिंग. दोन दिवसांचं बाळ रडत असलं आणि खाटेवरून आई बोलली की त्याचं रडणं क्षणभर थांबतं. पोटात असल्यापासून ऐकलेला आवाज असतो तो. दीड महिन्याचं झालं की बाळ तोंडाकडे बघून हसतं, पण त्या हसण्याला तेव्हा कोणीही चालतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात रोजचं माणूस दिसलं की हातपाय जास्त उडतात. आणि सात-आठ महिन्यांच्या सुमारास आपल्याकडच्या बायका म्हणतात, लेकरू आता माणूस ओळखू लागलं. कालपर्यंत कोणाकडेही जाणारं बाळ आज पाहुण्यानं हात पुढे केले की मान फिरवतं, आईच्या खांद्यात तोंड खुपसतं, आणि तिथून एका डोळ्यानं पाहुण्याकडे बघतं. घरचे लोक ओशाळतात आणि म्हणतात, "रडवं झालं हो." खरं तर त्या दिवशी बाळानं फार मोठं काम केलेलं असतं. जगातल्या सगळ्या माणसांतून त्यानं आपलं माणूस निवडलेलं असतं.

ही निवड रक्तानं होत नाही. दुधानंही होत नाही. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये माकडांच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले. पिंजऱ्यात दोन खोट्या आया ठेवल्या होत्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं ते पिऊन लगेच कापडाच्या आईला जाऊन बिलगत. माणसाच्या बाळाला तर स्पर्शाच्याही पुढचं काही लागतं. ते रडलं की कोण उठतं, ते बघतं तेव्हा कोण परत बघतं, त्याच्या 'आं' ला कोण 'ओ' देतं, यावर ते माणूस ठरवतं. एकच माणूस हवं असंही नाही. मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडाच्या खेड्यांत घरोघर बसून बाळं पाहिली, तिथेही अनेक हातांत वाढणारी लेकरं होती. आपल्या घरांत आजी असते, आत्या असते, कडेवर धाकट्याला घेऊन फिरणारी आठ वर्षांची बहीण असते. बाळाला तीन-चार माणसं सहज पुरतात आणि पचतात. अट एवढीच, की ती उद्याही तीच असावीत.

शिशुगृहात नेमकी हीच अट मोडते. तीन पाळ्या, आठवड्याची सुट्टी, कोणी आजारी, कोणी काम सोडून गेलेली, कोणी मानधन वेळेवर येत नाही म्हणून दुसरीकडे धुणीभांडी धरलेली. एकदा मी सात महिन्यांच्या एका बाळापुरती नोंद ठेवली होती, आठवड्यात त्याला कोणी कोणी भरवलं, न्हाऊ घातलं, निजवलं याची. मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. बाळाचं वजन बरोबर होतं, लसी वेळेवर झाल्या होत्या, दुपटी स्वच्छ होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी समाधान व्यक्त केलं, आणि तपासणीच्या कागदावर जे रकाने होते त्यांच्यापुरतं ते बरोबरच होतं.

आपण भेटीला येता तेव्हा दोन गोष्टी बघून आपल्याला बरं वाटतं. पाळण्यातली लहान बाळं शांत असतात. आणि दीड-दोन वर्षांची पोरं धावत येऊन आपल्या पायाला मिठी मारतात, मांडीवर चढतात. "किती माणसाळलेली आहेत!" असं मी कित्येक पाहुण्यांच्या तोंडून ऐकलं आहे. आता आपल्या घरचं दीड वर्षाचं नातवंड आठवा. अनोळखी माणूस दारात आला तर ते आजीच्या पदराआड जातं. जे पोर पहिल्यांदा दिसलेल्या माणसाच्या मांडीवर बिनदिक्कत बसतं, त्याला अजून आपलं माणूस मिळालेलं नाही. आणि जे बाळ रडत नाही, त्यानं रडून काही होत नाही हे शिकून घेतलेलं असतं. या दोन्ही गोष्टी बघून आपला जीव चरकला पाहिजे.

हे नव्यानं कळलेलं नाही. १९४५ मध्ये रेने स्पिट्झ यांनी दोन ठिकाणची बाळं शेजारी ठेवून पाहिली. एका ठिकाणी तुरुंगातल्या बायका आपापली बाळं सांभाळत होत्या. दुसरं होतं अनाथालय, स्वच्छता चोख, आहार ठीक, पण एकेका दाईकडे आठ-आठ बाळं. तुरुंगातली बाळं बाळसं धरत होती. अनाथालयातली सुकत गेली, आणि दोन वर्षांत त्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दगावली.

इंग्लंडमधल्या जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या जोडप्यानं १९६९ मध्ये केलेला एक माहितीपट आपण सर्वांनी एकत्र बसून बघावा, अशी माझी विनंती आहे. त्यात सतरा महिन्यांचा जॉन आहे. आई बाळंतपणाला गेली म्हणून त्याला नऊ दिवस निवासी पाळणाघरात ठेवलं. तिथल्या तरुण परिचारिका प्रेमळ होत्या. जॉन एकीच्या मागे लागे, तिला धरू बघे, तोवर तिची पाळी संपे. मग दुसरी, मग तिसरी. शेवटी त्यानं माणसांचा नाद सोडला आणि कापडाच्या मोठ्या अस्वलाला बिलगून पडून राहिला. नवव्या दिवशी आई घ्यायला आली तेव्हा तो तिच्याकडे बघेना. याच रॉबर्टसन बाईंनी साधारण त्या वयाची दुसरी काही मुलं, त्यांच्या आया दवाखान्यात असताना, आपल्या घरी सांभाळली होती. ती मुलंही रडली, पण मोडली नाहीत. त्यांना रडायला एक ठरलेला खांदा होता.

मला हे सगळं त्या एका दुपारपर्यंत पुस्तकातलं वाटत होतं.

आमच्याकडे एक पोरगी होती. नऊ दिवसांची असताना आली आणि चौदा महिन्यांची झाली. रात्रपाळीच्या एका मावशीनं तिसरा नियम कधी पाळलाच नाही. मी समज दिली तेव्हा ती म्हणाली, "बाई, लेकरू मलेच माय समजून राह्यलं. मी त्याले कसं दूर लोटू सांगा?" पोरगी तिच्या चपलांचा आवाज ओळखायची. संध्याकाळी व्हरांड्यात ती वाजली की पाळण्याचा कठडा धरून उभी राहायची.

दत्तकाचं ठरलं. आईबाबा लांबच्या राज्यातले, दोघंही भले, पाच वर्षं वाट पाहिलेले. दुपारी बाराला आले. आम्ही पोरीला नवा फ्रॉक घातला, पेढे वाटले, ट्रस्टींच्या हस्ते हार झाले, फोटो झाले. मावशी मुद्दाम भेटायला आली होती. तिला आम्ही स्वयंपाकघरात बसवून ठेवलं, कारण पोरीनं तिला पाहिलं असतं तर ती नव्या आईकडे गेली नसती. पोरगी रडून रडून लाल झाली. दीड तासानं एकदम थांबली. "बघा, रुळली," असं कोणीतरी म्हणालं. चारच्या सुमारास गाडी निघून गेली. संध्याकाळच्या रेल्वेचं त्यांचं आरक्षण होतं. स्वयंपाकघरात गेले तर मावशी ओट्याशी उभी राहून तांदूळ निवडत होती. कोणी सांगितलं नव्हतं निवडायला.

तीन आठवड्यांनी त्या आईचा मला फोन आला. पोर झोपत नाही. कडेवर घेतलं की अंग ताठ करते. डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. ती विचारत होती, तिला झोपताना काय लागायचं हो? एवढ्या जाडजूड फायलीत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "माह्या बांगड्या चाळवत झोपे थे. काचेच्या. दुसरं काहीच नाही लागे तिले." मी फोन करून सांगितलं. पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ती बाई म्हणाली, आमच्याकडे काचेच्या बांगड्यांची पद्धत नाही, पण मी आजच आणते.

पुढे ते घर जमलं, पोरगी आता शाळेत जाते. पण त्या तीन आठवड्यांच्या रात्री आम्ही तिला उगाच दिल्या, आणि त्या नव्या आईलाही. त्या दोन्ही बायकांना चार दिवस एका खोलीत बसू दिलं असतं तर बांगड्यांची गोष्ट पहिल्याच दिवशी कळली असती. मावशीच्या मांडीवर असताना नव्या आईनं भरवलं असतं, मग नव्या आईच्या मांडीवर असताना मावशी शेजारी बसली असती. पोरीनं आपलं माणूस गमावलं नसतं. तिनं आणखी एक माणूस मिळवलं असतं. आणि हेही लिहून ठेवते, की ती पोरगी नव्या घरी अखेर रुळली ती त्या मावशीमुळेच. जिला एकदा कोणाचा तरी लळा लागलेला असतो, तिला दुसऱ्याचा लावता येतो. आमच्याकडची जी लेकरं जाताना रडली नाहीत, त्यांच्या घरून येणारे फोन फार वेगळे होते.

आता आपल्या हातात काय आहे, त्याकडे येते.

१ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, म्हणून या पत्रात पहिलं नाव आपलं लिहिलं. सापडलेलं लेकरू दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत त्याला दत्तकासाठी मोकळं करावं, असं कायदा सांगतो. दत्तक गेल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करायला सांगतो. मुदती आहेत, तपासण्या आहेत, नमुने आहेत. लेकराला सध्या कोणाचा लळा आहे, हा एक प्रश्न त्या नमुन्यांच्या जोडीला आपल्या जिल्ह्यापुरता आपण घालू शकता. त्याला कोणी मनाई केलेली नाही. रकान्यात नाव लिहिता आलं नाही, तर ते लेकरू आजारी आहे असं समजून धावपळ करावी.

पैसे लागतील, इमारत लागेल, असं कोणी म्हणेल, तर रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचं उदाहरण द्या. तिथल्या बालगृहांत लेकराच्या पहिल्या दोन वर्षांत साठ ते शंभर वेगवेगळ्या बायका त्याला सांभाळून जात. अमेरिकी आणि रशियन अभ्यासकांनी तिथे काम केलं, आणि २००८ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. त्यांनी गट लहान केले, प्रत्येक गटाला ठरलेल्या बायका दिल्या, लेकरांना एका गटातून दुसऱ्या गटात हलवणं थांबवलं, आणि बायकांना सांगितलं की बाळाशी बोला, त्याच्याकडे बघा, आपल्या लेकरासारखं वागवा. आहार तोच ठेवला. तरी लेकरांची वाढ सुधारली, उंची-वजनसुद्धा. दिव्यांग लेकरांचीही सुधारली. वेळापत्रक आणि वागणं बदललं म्हणून लेकरं वाढली.

आपल्याकडे हेच करायचं तर एका मावशीकडे तीन, फार तर चार बाळं नावानिशी सोपवावीत. पाळी लावताना रजिस्टरची सोय न बघता त्या बाळांची बघावी. रात्री उठणारं माणूस शक्यतो तेच असावं, कारण बाळाला माणसाची खरी गरज रात्री दोनला लागते. मावशी सुट्टीवर गेली तर तिच्या जागी येणारी दुसरी एकच, ओळखीची असावी. आणि मावशीचं मानधन. या बायका काम सोडतात ती वाढीव शंभर-दोनशे रुपयांसाठी, किंवा तीन महिने थकलेल्या पैशांसाठी. तुमच्या टेबलावर ती आस्थापनेची बाब असते. पाळण्यातल्या बाळाला मात्र त्या दिवशी आई गेल्यासारखंच असतं. कंत्राटाची फाइल पुढे सरकवताना एवढं ध्यानात असू द्यावं.

जी लेकरं कायदेशीर गुंत्यामुळे लगेच दत्तक जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी प्रतिपालक कुटुंबाची तरतूद कायद्यात आहे. केंद्राची नवी मार्गदर्शक तत्त्वं २०२४ मध्ये आली. त्यांत प्रतिपालकांना दोन वर्षांनंतर तेच मूल दत्तक घेण्याची वाट ठेवली आहे, आधी ही अट पाच वर्षांची होती. रुमानियाच्या बुखारेस्टमध्ये २००० पासून १३६ लेकरांवर झालेल्या अभ्यासात हेच दिसलं, की संस्थेतून घरात गेलेली लेकरं सावरतात आणि दोन वर्षांची व्हायच्या आत गेलेली जास्त सावरतात. आपल्या गावांत अशी घरं नाहीत असं मला कोणी सांगू नये. दुष्काळी वर्षात बहिणीची तीन पोरं आणून सांभाळणारी माणसं आहेत ही.

आणि अमरावती जिल्ह्यातल्याच एका जागेचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. परतवाड्याजवळचं वझ्झर. रेल्वे स्थानकांवर, कचराकुंड्यांत टाकून दिलेली, बहुतेक दिव्यांग असलेली लेकरं शंकरबाबा पापळकरांनी तिथे सांभाळली. १२३ मुलांना त्यांनी आपलं नाव दिलं, वडिलांच्या जागी. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जळगावच्या रेल्वे स्थानकावर सापडलेली, वझ्झरला वाढलेली दृष्टिहीन माला पापळकर त्याच वर्षी लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी तिच्या जिद्दीबद्दल लिहिलं, आणि ते योग्यच होतं. मला त्या बातम्यांत दुसरी एक गोष्ट दिसत होती. बोलता न येणारी, बघता न येणारी, स्वतःच्या हातानं न जेवणारी लेकरं तिथे आली, आणि त्यांचा बाप बदलला नाही. वर्षामागून वर्षं तोच आवाज, तोच हात.

शंकरबाबा कित्येक वर्षं एकच मागणी करत आले आहेत. अठरा पूर्ण झाल्यावर बेवारस दिव्यांग मुलांना बालगृहाबाहेर काढू नका, त्यांना त्याच घरी राहू देणारा कायदा करा. ही मागणी पुनर्वसनाच्या खात्यात धरली जाते. माझ्या मते ती लळ्याची मागणी आहे. ज्याचं मन कायम तीन वर्षांचं राहणार आहे, त्याला वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी अनोळखी इमारतीत नेऊन सोडणं आणि चौदा महिन्यांच्या पोरीला दुपारी चारच्या गाडीत बसवून देणं, यात मला फरक दिसत नाही. सहा वर्षांची झाली म्हणून शिशुगृहातून बालगृहात पाठवलेल्या, वाटेत बहीणभाऊ वेगळे झालेल्या मुलांचंही तेच. आपल्या शिफारशीला मुंबईत वजन आहे. ती पाठवा.

तोवर एक गोष्ट आपल्या अखत्यारीत याच महिन्यात होण्यासारखी आहे. दत्तक घेणारे आईबाबा अमरावती-अकोल्याला येतील तेव्हा त्यांना परतीचं आरक्षण चार-पाच दिवसांनंतरचं करायला सांगा. राहायची सोय गावातली माणसं करतील, मी स्वतः दोन घरं सांगू शकते. त्या दिवसांत मावशीला हजर राहण्याचा पगार द्या. ती बाळाला ज्या दुपट्यात निजवायची ते न धुता बरोबर द्या. झोपताना काय लागतं, कशानं हसतं, कोणत्या कुशीवर निजतं, हे मावशीला विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद फायलीत सगळ्यात वर लावा. आणि पहिले काही महिने मावशीला फोन करण्याची मुभा त्या नव्या आईला असू द्या.

ती मावशी अजून तिथेच आहे. गुडघे दुखतात, तरी रात्रपाळी सोडत नाही. मागच्या रविवारी भेटले. सध्या तिच्याकडे तीन लेकरं आहेत, धाकटं साडेसात महिन्यांचं. मी हात पुढे केले तर त्यानं मान फिरवली आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. "ओळखून राह्यलं व बाई आता," ती म्हणाली. तिच्या कंत्राटाची मुदत या महिनाअखेर संपते आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
अकोला